वरचा, पुढचा, डावा

११ फेब्रुवारी

धाकट्या,

तू दातांच्या कॉलेजात शिकवतोस आणि गेल्या अकरा वर्षांत माझ्या तोंडात एकदाही डोकावला नाहीस. फोनवर तू "हं, हं" करतोस आणि मागे बायकोशी बोलतोस. पत्र निदान शेवटपर्यंत वाचावं लागतं, म्हणून लिहितेय.

दोन आठवड्यांपूर्वी ऑफिसात टेबलाचा खण अडकला. मी हिसका दिला, तर तो बाहेर आला तो थेट माझ्या तोंडावर. वरचा पुढचा डावा दात. पडला नाही, तुटला नाही, जरा हलायला लागला आणि हिरडीतून थोडं रक्त आलं. आठवड्याभरात हलणंही थांबलं. तरी काल कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी दातावर बर्फासारखा गार बोळा धरला आणि विचारलं, "काही जाणवतंय?" मी म्हटलं, नाही. शेजारच्या दातावर धरला तेव्हा मी खुर्चीतून वीतभर उडाले. परत या दातावर धरला. काही नाही. डॉक्टरांनी मान हलवली, लेटरहेड ओढलं आणि माझं नाव घालून लिहिलं, "वरचा पुढचा डावा दात: मृत." खाली तारीख, सही, शिक्का.

आता तूच सांग. एकतीस वर्षं मी जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीत बसते. डॉक्टरांच्या सहीचा मृत्यूचा कागद आला की एकवीस दिवसांत नोंद झालीच पाहिजे, हे मी हुंदके देणाऱ्या माणसांनासुद्धा ऐकवलंय. मग स्वतःवर वेळ आल्यावर नियम गुंडाळून ठेवू? मी आज सकाळी नोंद केली. "मृताचे नाव" या रकान्यात काय लिहावं कळेना, दाताला नाव नसतं, म्हणून माझं लिहिलं. वय आधी चौपन्न लिहिलं. मग आठवलं की हा दात तू जन्मलास त्या वर्षी आला, म्हणजे शेहेचाळीस. खोडून दुरुस्त केलं आणि बाजूला सही केली. शेऱ्यात स्वच्छ अक्षरात लिहिलं, "फक्त दात". काम चोख झालंय.

डॉक्टर म्हणतात पंचवीस तारखेला भोक पाडून आतली नस काढून टाकू, नाहीतर सडेल. तुझं काय मत? घरी सगळ्यांना विचारलंय म्हणून सांग.

ताई

२० फेब्रुवारी

ताई,

आधी पंचवीस तारखेची वेळ रद्द कर. पुढचं वाचू नकोस, फोन उचल आणि त्या माणसाला नाही म्हणून सांग. सांगितलंस? आता वाच.

दात म्हणजे पांढरा दगड नाही. त्याच्या आत पोकळी असते, पोकळीत मऊ गाभा असतो, गाभ्यात रक्तवाहिन्या आणि नसा असतात. हे सगळं येतं-जातं मुळाच्या टोकाला असलेल्या केसाएवढ्या भोकातून. मार बसला की नेमकं तिथे ताणलं जातं, चिमटतं, सुजतं. नसा सुन्न होतात. रक्त मात्र चालू असू शकतं. गार बोळा नसांना प्रश्न विचारतो, रक्ताची तो चौकशीच करत नाही. तेव्हा दोन आठवड्यांनी दात गप्प असेल तर त्याचा अर्थ एवढाच की तो गप्प आहे. आम्ही तीन महिने थांबतो, कधी त्याहून जास्त. दात मेला म्हणायला सोबत दुसरी खूण लागते. एक्स-रेत मुळाच्या टोकाशी काळा डाग, हिरडीवर पुवाची पुळी, ठोकल्यावर दुखणं. यातलं काय आहे तुला? काही नाही. त्या कोपऱ्यावरच्या सव्वाशहाण्याने बोळा धरला आणि मोकळा झाला. असं लिहिणाऱ्या पोरांना मी तोंडी परीक्षेत घरी पाठवतो.

तुझ्या वयाला ते भोक फार बारीक असतं. आठ-नऊ वर्षांच्या मुलात रुंद असतं, त्यामुळे रक्त परत यायला वाट असते. तुझ्या बाबतीत सगळं यावर आहे की मार किती जोराचा बसला, कशाचा आणि कुठून. आणि तुझा तो खण मला पटलेला नाही. खणाची कड लागली तर दाताचा टवका उडतो, ओठ फाटतो. तुला ओरखडाही नाही. शिवाय टेबलाचा खण माणसाच्या तोंडाएवढ्या उंचीवर असतो कुठे? खरं काय ते लिही, मला उपचारासाठी हवंय.

ती नोंद उद्याच्या उद्या खोडून टाक. लोक हसतील.

धाकटा

१८ मार्च

धाकट्या,

नोंद खोडून टाक म्हणे. नोंद म्हणजे फळ्यावरचा खडू वाटला का तुला? महिन्याअखेरीला रजिस्टरची नक्कल वरच्या कार्यालयात जाते. कागदाची बचत व्हावी म्हणून शेऱ्याचा रकाना त्यात उतरवत नाहीत. ही सूचना चार वर्षांपूर्वी मीच केली होती आणि त्याबद्दल माझं कौतुकही झालं होतं. तेव्हा आमच्याकडे फक्त माझा दात मेलाय आणि वर मी सबंध मेलेय.

मला हे कळलं ते सांत्वनाच्या पत्रावरून. वरून यादी येते, पत्रं आमच्याकडून जातात, पाकिटं मी भरते. यादीत बारावं नाव माझं. साहेबांनी न बघता सही केली, मी पत्ता घातला, तिकीट लावलं, आणि परवा पोस्टमनने ते माझ्याच हातात दिलं. "आपल्या आप्ताच्या अवघ्या शेहेचाळीसाव्या वर्षी झालेल्या अकाली निधनाने" वगैरे. आठ वर्षं लहान होऊन गेले, तेवढंच समाधान.

साहेबांकडे गेले. साहेब सज्जन आहेत, पण कलम दिसलं की त्यांची पाचावर धारण बसते. ते म्हणाले, "बाई, ज्याचा मृत्यू नोंदवलाय तो जिवंत असल्याचं सिद्ध झालं तर नोंद रद्द होते." मी म्हटलं, ही काय मी समोर बसलेय. तर म्हणाले, "तुमचा मृत्यू आपण नोंदवलेलाच नाही. शेऱ्यात तुमच्याच हाताने लिहिलंय, फक्त दात. दात जिवंत असल्याचं सिद्ध करा, मूळ नोंद रद्द होईल, मग वरची आपोआप जाईल." पंचाईत अशी की मला ते पटलं. त्यांच्या खुर्चीत मी असते तर हेच म्हटलं असतं. सुनावणीची तारीख चोवीस नोव्हेंबर मिळाली, त्याआधी रांग आहे.

नोकरी चालू आहे. हजेरीपट वेगळ्या खात्याकडे असतो आणि त्यांना अजून कोणी कळवलेलं नाही.

नस काढायची वेळ मी रद्द केलीय. नस काढली की दात कायमचा गेला आणि त्याच्या पाठोपाठ मीही. तेव्हा आता हा दात जगला पाहिजे. तो जगेल असं बघ.

खण सगळ्यात खालचा होता, मी वाकले होते. पोलिसासारखं विचारू नकोस.

ताई

३० मार्च

ताई,

मी आमच्या घरच्या टेबलाशी वाकून बघितलं. खालचा खण वाकलेल्या माणसाच्या फार तर हनुवटीला लागतो. वरच्या दाताला लागायचा असेल तर टेबलाखाली उताणं झोपावं लागतं. तेही करून बघितलं. बायकोने विचारलं काय चाललंय, मी म्हटलं, ताईचा दात.

सरळ विचारतो. तुला कोणी मारलं का? ऑफिसातल्या कोणी? मारलं असेल तर लपवू नकोस, मी मिळेल त्या गाडीने येतो.

दाताचं असं. त्या बाजूने काही कडक चावू नकोस, घासायचा मात्र रोज, हलक्या हाताने. रंगावर लक्ष ठेव. करडा झाला तरी घाबरायचं कारण नाही, आत सांडलेलं रक्त असतं ते, काही महिन्यांत कधीकधी निवळतं. पिवळा पडायला लागला तर एक्स-रे काढून मला पाठव. दुखलं, सुजलं, हिरडीवर पुळी आली तर वाट न बघता फोन कर. आणि वरच्यावर जिभेने ढकलून बघू नकोस, तुझा स्वभाव मला माहीत आहे.

धाकटा

२ मे

धाकट्या,

तुझं मारण्याबिरण्याचं वाचून आधी हसू आलं आणि मग डोळ्यांत पाणी आलं. तू टेबलाखाली उताणा झोपलास हे वाचून तर फारच. मला कोणी मारलं नाही.

आमच्याकडे जुनी रजिस्टरं फाटतात, ती शिवायला एक बाइंडर येतो. महिन्यातून चार दिवस हॉलच्या कोपऱ्यात सुई, दोरा आणि खळीचा डबा घेऊन बसतो. त्या दिवशी माझ्या हातून एक रजिस्टर खाली पडलं. मी उचलायला वाकले, तोही वाकला, आणि त्याचं कपाळ माझ्या दातावर आदळलं. त्याच्या कपाळावर टेंगूळ आलं आणि त्यात माझ्या दाताची खूण. तो बिचारा रक्त बघून इतका घाबरला की मलाच त्याला खुर्ची द्यावी लागली. ऑफिसात चर्चा नको म्हणून मी खणाचं सांगितलं. तुलाही तेच सांगितलं, कारण एकदा लिहून झालं होतं.

परवा तीन महिने झाले. पुन्हा गार बोळा धरून घेतला. दात अजून गप्प. रंग मधे करडा झाला होता, तो आता उतरतोय.

ताई

१५ मे

ताई,

एवढंच ना? हे फेब्रुवारीत लिहिलं असतंस तर माझ्या कमरेत उसण भरली नसती.

बातमी चांगली आहे. कपाळ रुंद असतं, वर कातडी असते. मार पसरून बसला, म्हणून टवका उडाला नाही आणि दात जागचा सरकला नाही. नसा गप्प असल्या तरी करडेपणा उतरतोय ही चांगली खूण आहे. आपण थांबू.

त्या बाइंडरला म्हणावं पुढच्या वेळी पडलेली वस्तू पायाने सरकव.

धाकटा

९ सप्टेंबर

धाकट्या,

दात पिवळा पडलाय. आधी वाटलं चहाने असेल, पण शेजारचे पांढरे आणि हा एकटाच जुन्या कागदासारखा. दुखत नाही, सुजलेला नाही, आणि गार बोळ्याला अजूनही दाद देत नाही. तू सांगितल्याप्रमाणे एक्स-रे काढला, सोबत ठेवलाय. कोपऱ्यावरचे डॉक्टर म्हणतात, रंग बदलला म्हणजे गेलाच, आता तरी ड्रिल लावू द्या. मी त्यांना म्हटलं, माझा भाऊ सांगेपर्यंत तोंड उघडणार नाही.

आता दुसरं. हे लिहायला चार कागद फाडलेत. टक्कर झाल्यापासून बाइंडर रोज दात कसा आहे ते विचारायला येतो. ज्या दिवशी काम नसतं त्या दिवशीही येतो. पहिले दोन महिने माझ्यासाठी घरून मऊ शिजवलेल्या भाज्या आणायचा. त्याला स्वयंपाक येत नाही, मीठ कधी दोनदा पडलेलं असायचं, कधी अजिबात नसायचं. मी सगळं खाल्लं. त्याची बायको जाऊन सहा वर्षं झाली. तिची नोंद माझ्याच खिडकीत झाली होती, मला आठवत नव्हतं, त्याला आठवतं. मी त्याला एक फॉर्म जास्त भरायला लावला होता म्हणे.

जुलैमध्ये त्याने मला लग्नाचं विचारलं. मी हो म्हटलं. दोघं मिळून लग्ननोंदणीच्या टेबलाशी गेलो, ते आमच्याच हॉलमध्ये, माझ्यापासून तिसरं. तिथला कारकून माझ्या हाताखाली तयार झालाय. त्याने वरच्या यादीत नाव शोधलं आणि उभा राहून म्हणाला, "ताई, तुम्ही वारलेल्या आहात. मृत व्यक्तीचं लग्न मी कसं नोंदवू? तुम्हीच तर शिकवलंय." शिकवलंय खरं.

आता सगळं तुझ्या हातात आहे. चोवीस नोव्हेंबरला दात जिवंत ठरला तर मी जिवंत, आणि मी जिवंत तर लग्न. एक्स-रे नीट बघ आणि ताबडतोब लिही.

ताई

२ नोव्हेंबर

ताई,

उत्तराला उशीर झाला, परीक्षा होत्या.

एक्स-रे तितकासा स्पष्ट आलेला नाही. पिवळेपणाची कारणं अनेक असतात. घाईने निष्कर्ष काढू नये.

तुझ्या दुसऱ्या विषयाबद्दल. हा माणूस कोण, कुठला, मागे कोण आहे, तुला काय माहीत आहे? घर त्याचं स्वतःचं आहे की तुझ्या घरावर डोळा आहे? बायको कशाने गेली? रजिस्टर पडल्यावर तो एवढ्या जोरात वाकलाच कशाला? चौपन्नाव्या वर्षी माणसाने जरा विचार करावा. तिथे तुझं सगळं बस्तान बसलेलं आहे. पुढे आजारपण आलं तर कोणी कोणाचं करायचं? खळीच्या वासात तुला दम्याचा त्रास होईल. तुला दमा नाही हे मला माहीत आहे, पण या वयात सुरू होऊ शकतो. तो माणूस पितो का? त्याचा रक्तदाब कसा आहे? सुनावणीची तारीख पुढे ढकलता येत असेल तर ढकल. सगळ्यांनाच विचार करायला वेळ मिळेल.

धाकटा

६ नोव्हेंबर

धाकट्या,

दातावर तीन वाक्यं आणि माणसावर अर्धं पान. मी पत्रावरून माणूस ओळखते, तो माझा धंदाच आहे. खरं बोलणारे थोडक्यात लिहितात आणि लपवणारे आधी परीक्षा होत्या म्हणून सांगतात.

तो पीत नाही. दाब माझ्यापेक्षा कमी आहे. दोन खोल्या आहेत त्याच्या, बाइंडिंगच्या कारखान्याच्या वर, त्याच्या स्वतःच्या.

मी सत्तावीस वर्षांची होते तेव्हाची एक गोष्ट आपण दोघांनी पुन्हा कधी काढली नाही. मला मागणी आली होती, मला तो माणूस पसंत होता. तू कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होतास. आई-बाबा गेलेले. तू तीन दिवस जेवला नाहीस आणि चौथ्या दिवशी म्हणालास, ताई, तू गेलीस तर मी कोणाकडे बघायचं. मी राहिले. त्याचं मी तुला कधी बोलून दाखवलं नाही आणि आताही दोष देत नाही, एकोणीस वर्षांचा पोर होतास. पण आज तू शेहेचाळीस वर्षांचा आहेस आणि मला तोच वास येतोय.

एक्स-रेत काय दिसतं ते मला लिही. दात मेला असेल तर मेला लिही, मी रडेन आणि गप्प बसेन. पण मला असं टांगून ठेवू नकोस. अठरा दिवस राहिलेत.

ताई

११ नोव्हेंबर

ताई,

एक्स-रे स्वच्छ होता. तुझं पत्र पंधरा सप्टेंबरला आलं. त्याच संध्याकाळी मी तो उजेडावर धरला आणि पाच मिनिटांत सगळं समजलं.

शेजारच्या दातात गाभ्याची पोकळी दोऱ्यासारखी दिसते. तुझ्या या दातात ती जवळजवळ दिसतच नाही, वरपासून खालपर्यंत भरून आलीय. मेलेला दात हे करू शकत नाही. मार बसल्यावर काही दातांचा गाभा मरतो, काहींचा सावरतो, आणि काहींचा असा घाबरून कामाला लागतो. आतल्या आत भिंतीवर भिंत लिंपत जातो, स्वतःला जागा उरेनाशी होईपर्यंत. रंग पिवळा होतो तो त्या भिंतींमुळे. मुळाच्या टोकाशी काळा डाग नाही, काही नाही. तुझा दात जिवंत आहे, ताई. फक्त एवढ्या जाडीतून गार बोळा आतवर पोचत नाही. तो बहुधा यापुढेही कधी उत्तर देणार नाही. त्याला हात लावायची गरज नाही. वर्षातून एकदा एक्स-रे, बस.

मी हे दोन महिने दडवून ठेवलं. प्रमाणपत्र पाठवलं की तू जिवंत होणार, जिवंत झालीस की लग्न करणार. तारीख टळली तर सगळंच टळेल असं वाटलं. तू त्या घरात आहेस, त्या खिडकीत आहेस, हे मी धरून चाललोय. अकरा वर्षं येत नाही, पण तू तिथे असलीच पाहिजेस. तुझं पत्र वाचून मी बाहेर जिन्यावर जाऊन बसलो. मला फार लाज वाटतेय.

प्रमाणपत्र सोबत आहे, कॉलेजच्या कागदावर, सही-शिक्क्यासकट. पण तुझ्या साहेबांचं काही सांगता येत नाही. ते समोर बोळा धरायला लावतील. लावलाच तर एक कर. "आई गं" म्हणून ओरड. दात खरोखर जिवंत आहे, त्याच्या वतीने तू ओरडलीस तर त्यात खोटं काही नाही. एकदा ओरड आणि मोकळी हो.

धाकटा

२७ नोव्हेंबर

धाकट्या,

तुझं प्रमाणपत्र वेळेत पोचलं. साहेबांनी ते दोनदा वाचलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "फार सुंदर लिहिलंय. पण हे मृताचे सख्खे भाऊ आहेत. नातेवाइकाचं चालत नाही." तो नियम मला पाठ आहे. तरी मी आशा धरली होती.

मग "समक्ष खात्री" आली. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांना बोलावलं होतं, ते गार फवारा आणि बोळे घेऊन आले. हॉलमधलं काम थांबलं. सगळे आपापल्या टेबलामागे उभे राहिले, खिडकीबाहेरची रांगसुद्धा आत वाकून बघत होती. लग्नाच्या कारकुनाने आमचा फॉर्म पूर्ण भरून, पेनाचं टोपण काढून ठेवलं होतं. बाइंडर दारात उभा होता. नवा शर्ट घातला होता आणि बाहीला खळ लागलीच होती.

डॉक्टरांनी बोळा धरला. मी ओरडणार होते, तुझी शपथ. "आई गं" अगदी जिभेवर आणून ठेवलं होतं. साहेबांनी रजिस्टर उघडून विचारलं, "काही जाणवलं?" ते माझं रजिस्टर, धाकट्या. त्यातल्या रेघा मी आखल्यात. एकतीस वर्षांत त्यात मी एक खोटं अक्षर घातलेलं नाही. माझ्याच लग्नासाठी घालायचं होतं, आणि जीभ रेटेना.

मी म्हटलं, "नाही जाणवलं. पण तो जिवंत आहे."

साहेबांनी पहिलं वाक्य लिहून घेतलं. दुसऱ्यासाठी रकाना नव्हता. "नोंद कायम," म्हणाले, आणि स्वतः उठून मला पाणी आणून दिलं. कारकुनाने पेनाला टोपण लावलं आणि मान खाली घालून बसला. बाइंडर आत आला, सगळ्यांसमोर माझ्या तोंडाकडे बघून त्याने विचारलं, "दुखलं का?" मी म्हटलं, नाही. तो म्हणाला, "मग चला, जेवून घेऊ."

मागच्याच महिन्यात एक बाई तान्हं बाळ कडेवर घेऊन खिडकीशी आली होती. कागद नव्हते. मी तिला म्हटलं, कागद आणा, त्याशिवाय हे जन्मलं असं मला म्हणता येत नाही. ते बाळ माझ्याकडे बघून हसत होतं. चालताना मला ती बाई आठवली आणि माझीच मला इतकी चीड आली की रस्त्यात थांबून बाइंडरला सगळं सांगितलं. तो ऐकत शेजारी उभा राहिला.

रविवारी मी त्याच्याकडे राहायला जातेय. नोंद नाही, फॉर्म नाही, सही नाही. आम्ही दोघांनी ठरवलंय की लग्न झालं. ऑफिसात मी जाईन, हजेरीपटवाल्यांना कळेपर्यंत. त्या बाईचा पत्ता काढलाय, कागद कुठे मिळतात ते तिला मीच घेऊन जाऊन दाखवणार आहे.

तू माफी मागितलीस असं मी धरते, कारण ते जिन्यावरचं वाक्य मी तीनदा वाचलं. मला राग आला होता, चार दिवस होता, आता नाही. तू ये. बायकोला घेऊन ये. अकरा वर्षं पुरे झाली.

त्याने अर्धं कपाट रिकामं केलंय आणि माझ्यासाठी एक खुर्ची आणलीय. काल विचारत होता, खिडकीच्या कुठल्या बाजूला ठेवू? असं मला कोणी कधी विचारलेलं नाही, धाकट्या, मी नुसती रडत उभी राहिले आणि तो घाबरून खुर्ची हातात धरून उभा. आज सकाळी मुद्दाम जाऊन सांगून आले, उजवीकडे ठेव, तिथून रस्ता दिसतो.

ताई